पहिल्या बाळासाठी कापडी लंगोट: खाऱ्या पाण्याच्या गावात सुरुवात कशी करावी?

वैदर्भी

नमस्कार. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, दर्यापूर तालुक्यातील पूर्णेच्या काठावरच्या एका खेड्यात आले आहे. आठवा महिना सरत आला असून डॉक्टरांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे; म्हणजे मृग लागायला आणि बाळ यायला एकच गाठ पडणार. बाळाला कापडी लंगोटच वापरायचे असे मी मनाशी ठरवले आहे, पण ते निभावेल कसे याचा अंदाज मला अजून नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारते आहे.

घरात दोन मते आहेत. आई म्हणते, आजीची दोन लुगडी पेटीत आहेत, ती फाडली की बाळोत्यांचा प्रश्न मिटला. वहिनीने दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाला पहिल्या महिन्यापासून डायपर वापरले होते. तिचे म्हणणे असे की, आपल्या गावच्या पाण्यात रोज तीस फडकी धुणे ही बाळंतिणीला आणि तिच्या आईला, दोघींनाही शिक्षाच आहे. वहिनीचे बोलणे मला उडवून लावता येत नाही, कारण आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि दोरीवर वाळलेले कपडे पापडासारखे ताठ होतात. नळयोजनेचे गोडे पाणी काही दिवसांआड येते, ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी भरून ठेवावे लागते.

तेव्हा लंगोट किती लागतील, कोणत्या कापडाचे असावेत, आणि मुख्य म्हणजे अशा पाण्यात ते धुवावेत कसे, हे कोणी सविस्तर सांगेल का? माझ्या हाताशी अजून साधारण महिनाभर आहे.

मंगरूळची माय

वैदर्भी ताई, पहिल्या तीन महिन्यांपुरते तरी तुमच्या आईंचे म्हणणे मला पटते. माझी दोन्ही मुले लुगड्याच्या लंगोटांवर वाढली. बाळाला सगळे नवेकोरे असावे असे आपल्याला वाटते, परंतु लंगोटाच्या बाबतीत कोरे कापड हे सर्वांत वाईट. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, शिवाय कापसाच्या धाग्यात मुळातच थोडा मेणासारखा अंश असतो, त्यामुळे ते कापड सुरुवातीला ओल धरतच नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, मण्यासारखा उभा राहतो. कोरे कापड घ्यावेच लागले, तर ते कढत पाण्यात चार-पाच वेळा धुऊन मगच बाळाला वापरावे. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्याला ही अडचण राहत नाही.

मात्र पेटीतले लुगडे सुतीच आहे, असे गृहीत धरू नका. आमच्या घरी हीच फसगत झाली होती. दिसायला सुती असलेल्या एका लुगड्याचे बारा लंगोट आम्ही शिवले आणि बाळाने सू केली की ती लंगोटात न मुरता सरळ गादीवर उतरे. नंतर कळले की धागा मिश्र होता. त्याची परीक्षा सोपी आहे: आतल्या बाजूचा एक आडवा आणि एक उभा धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागद जळावा तसा जळतो आणि त्याची राख बोटांनी चोळली की भुकटी होते. मिश्र किंवा कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक गाठ धरतो. दोन्ही धागे तपासावेत, कारण कधी कधी ताणा एक असतो आणि बाणा दुसरा.

लुगड्याचे काठ आणि पदर आधी काढून टाकावेत. ते जाड असतात आणि मांडीच्या सांध्यात काचतात. उरलेल्या कापडाचे साधारण दोन वित्यांहून थोडे मोठे, म्हणजे ५५ सेंटिमीटरचे चौकोन फाडावेत. विरलेला भाग वगळला तरी एका नऊवारीतून वीस-बावीस चौकोन सहज निघतात. चौकोनाच्या कडेला शिवण घालण्याची मी मुळीच शिफारस करणार नाही. फाटलेल्या कडेचे दोरे काढून टाकावेत आणि कड तशीच मऊ राहू द्यावी. फक्त ते सुटे दोरे वेळच्या वेळी कापत जावेत, कारण असा एखादा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजते, आणि बाळ का रडते आहे हे घरात कोणालाच समजत नाही.

बांधण्याची रीत अशी. चौकोनाची कोनाकोनी घडी घालून त्रिकोण करावा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली यावी आणि समोरचे टोक पायांमधून पोटावर घ्यावे. नाळ गळून पडेपर्यंत हे टोक बेंबीच्या खाली दुमडून ठेवावे, म्हणजे नाळ उघडी आणि कोरडी राहते. मग दोन्ही बाजूंची टोके पुढे आणून एका अंगाला सैल गाठ मारावी. पोटाच्या मधोमध गाठ नको आणि सेफ्टी पिन तर नकोच. गाठीखाली आपली दोन बोटे सरकली पाहिजेत. मुलगा असेल तर जाड घडी पुढच्या बाजूला ठेवावी, मुलगी असेल तर मधोमध.

आता संख्येचा हिशेब. साध्या एकपदरी लंगोटात बाळ एकदा ओले झाले की बदलावेच लागते आणि पहिल्या महिन्यात ही वेळ दिवसरात्र मिळून बारा ते पंधरा वेळा येते. कडक उन्हात आजचे धुणे आजच वाळते, म्हणून उन्हाळ्यातल्या बाळाला तीस लंगोट पुरतात. तुमचे बाळ पावसाळ्याच्या तोंडावर येणार आहे; झडीत कापड वाळायला दोन दिवस धरून चला आणि पंचेचाळीस ते पन्नास तयार ठेवा. म्हणजे आजीची दोन्ही लुगडी लागतील. याशिवाय आठ-दहा दुपटी आणि गादीवर घालायला दोन मेणकापडे ठेवावीत. मेणकापड बाळाच्या अंगाला थेट लागता कामा नये, वर नेहमी दुपटे हवे.

तेल्हाऱ्याची सून

कापडाचे मंगरूळच्या ताईंनी इतके नीट सांगितले आहे की मी त्यात भर घालत नाही. मी पाण्याविषयी लिहिते, कारण आमचेही गाव खारपाणपट्ट्यातच आहे आणि या पाण्याने मला चांगलेच शिकवले आहे.

आपल्या बोअरच्या पाण्यात नुसता खारेपणा नसतो, जडपणाही असतो. साबणाच्या वडीने कपडा घासला की साबण पाण्यातल्या क्षारांशी मिळून चिकट पांढुरका साका धरतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो, साका आणखी वाढतो आणि तो धाग्यात जाऊन बसतो. माझ्या मुलीला दीड महिन्याची असताना मांड्यांमध्ये लाल चट्टे उठले. सगळे म्हणाले, उष्णता झाली. मी सब्जा भिजवून पिऊ लागले, घरच्यांनी माझ्या जेवणातून तिखट काढले, तरी चट्टे जाईनात. शेवटी माझ्या मावशीने एक धुतलेला, कडक वाळलेला लंगोट घेतला आणि पितळी गंजातल्या (पातेल्यातल्या) गोड्या पाण्यात बुडवून हाताने खळबळला. पाणी ताकासारखे पांढरे झाले आणि वर बुडबुडे आले. मी ज्याला स्वच्छ धुतलेला लंगोट समजत होते, त्यात आठवड्याभराचा साबण साठलेला होता. तुम्हीही दर पंधरा दिवसांनी एका लंगोटावर ही परीक्षा करून पाहा.

तेव्हापासून मी जी पद्धत धरली ती अशी. ओला लंगोट काढला की लगेच बोअरच्या साध्या पाण्यातून काढून पिळून बादलीत टाकायचा, म्हणजे सूचा दर्प मुरत नाही. सकाळी सगळे लंगोट एकत्र भिजवायचे, आणि त्यासाठी वडी न घेता धुण्याची पावडर घ्यायची, कारण जड पाण्यात पावडर साबणापेक्षा बरे काम देते आणि साका धरत नाही. पाणी फारच जड असेल तर भिजवण्याच्या बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा घालावा, पण मग खळबळण्यात कसूर नको. पुढचे दोन खळबळ बोअरच्या पाण्यात चालतील. शेवटचा खळबळ मात्र गोड्या पाण्यात झालाच पाहिजे. वीस लंगोटांना एक बादली गोडे पाणी पुरते, आणि खळबळून उरलेले पाणी संडासात टाकायला उपयोगी पडते. घरात गोड्या पाण्याची कितीही ओढ असली तरी ही एक बादली बाळाच्या नावाने बाजूला काढावी.

या शेवटच्या बादलीचा आणखी एक उपयोग आहे. खारे पाणी कापडात वाळले की मीठ धाग्यात उरते आणि पावसाळी हवेत मीठ ओल ओढून घेते. स्वयंपाकघरातले मीठ आषाढात पाझरते, तसेच. म्हणून आपल्या भागात लंगोट वाळला तरी हाताला दमट लागतो. गोड्या पाण्यातून काढलेला लंगोट त्याच दोरीवर लवकर कोरडा होतो.

ताई, तुमचे बाळ पावसाळ्यात येणार याची तुम्हाला काळजी वाटते आहे. मला त्यात एक सोयही दिसते. घरावर टीन असतील तर पहिले दोन-तीन पाऊस छत धुऊन जाऊ द्यावेत आणि नंतर पागोळ्यांखाली ड्रम लावावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यात थोड्या पावडरीलाही भरपूर फेस येतो. हे पाणी पिण्यासाठी नको, धुण्यासाठी मात्र त्याच्याइतके चांगले पाणी आपल्या पट्ट्यात मिळणार नाही. ड्रमवर कापड बांधून ठेवा, नाहीतर डास होतील.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव लंगोटांना लावू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि लंगोट ओल धरेनासा होतो. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक औषध टाकण्याचीही आवश्यकता नाही, त्याने नाजूक कातडी उलट चुरचुरते.

आशाताई, कुरखेडा

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायांना शिकवून सिद्ध केली, त्याचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे ती देशभर गेली. हे येथे सांगण्याचे कारण असे की, त्या भेटींत बाळंतिणीला मी हमखास एक प्रश्न विचारते: कालपासून किती लंगोट ओले झाले?

बाळाला दूध पुरते की नाही हा पहिलटकरणीचा मोठा घोर असतो आणि त्याचे उत्तर लंगोट देतो. पहिले दोन-तीन दिवस बाळ कमी वेळा सू करते, तेव्हा घाबरू नये. दूध उतरल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या दिवसापासून, चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील आणि सूचा रंग फिका असेल, तर दूध पुरते आहे. संख्या त्याहून कमी असेल, सू गडद पिवळी असेल किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. डायपरमध्ये ही मोजणी अवघड जाते, कारण सगळी ओल आत मुरते. कापडी लंगोटाचा मला आवडणारा गुण हाच. सातव्या दिवसापर्यंत भिंतीवर कोळशाने रेघा मारायला मी सांगते. आजीबाईंनाही ते लिहिता येते.

पहिल्या दोन दिवसांची शी काळसर हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. तिचे डाग निघत नाहीत, तेव्हा त्या दिवसांसाठी अगदी विरलेली फडकी ठेवावीत. आंघोळ घालताना किंवा लंगोट बदलताना त्या जागी थोडे खोबरेल लावलेले असले की ती सहज पुसली जाते. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी नंतर पिवळी आणि पातळ होते व पाण्याने लगेच निघते. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू झाले की ती घट्ट होते. तेव्हा लंगोटाच्या आत हाताएवढे पातळ फडके घालावे आणि शी त्या फडक्यासह उचलून संडासात झटकावी.

येथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. लहान बाळाच्या शीची काय घाण, असे म्हणून हातपंपाच्या ओट्यावर, विहिरीशी किंवा नाल्यावर लंगोट धुतलेले मी पाहते. बाळाच्या शीतही हगवणीचे जंतू असतात. ती संडासातच गेली पाहिजे, लंगोट घरच्या मोरीतच धुतला पाहिजे आणि त्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला पदराखाली घेऊ नये.

बाळ ओल्या लंगोटात राहिले की गारठते, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा. वजन कमी असलेल्या बाळाला हा गारठा फार जड जातो. पायाचे तळवे थंड लागले तर बाळाला कोरडे करून छातीशी, अंगाला अंग लावून धरावे. आणि दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून कधीही बांधू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले आणि गुडघ्यात वाकलेले असतात, ते तसेच मोकळे राहावेत. ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही.

लाली आली तर लंगोट पटापट बदलावा, जागा साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करावी (मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे) आणि दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय मोकळे ठेवावे. पावडर मुळीच नको; ती घडीत ओली होऊन साचते आणि उडालेली बाळाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत लाली ओसरली नाही, मांडीच्या घडीत लालभडक होऊन कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या किंवा ताप आला, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो तेल लावून जात नाही.

वैदर्भी

सर्वांचे मनापासून आभार. पांढऱ्या पाण्याची परीक्षा आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने लगेच घरातला एक धुतलेला टॉवेल गंजात बुडवून पाहिला. निकाल लिहीत नाही, ती रागावेल.

दोन शंका उरल्या आहेत. झडीच्या दिवसांत लंगोट वाळवायचे कुठे? आई म्हणते की पूर्वी शेगडीवर डालगे पालथे घालून त्यावर बाळोती वाळवत, आणि तीच शेगडी बाळंतिणीच्या बाजेखालीही ठेवत. दुसरे म्हणजे, नणंदबाईंनी नागपूरहून सहा तयार कापडी नॅपी पाठवल्या आहेत. त्यांना बाहेरून रंगीत, पाणी न जाऊ देणारे आवरण आहे, बटणे आहेत आणि आत सरकवायच्या जाड पट्ट्या आहेत. पहिल्या दिवसापासून त्या वापरता येतील का?

मंगरूळची माय

त्या नॅपी चांगल्या असतात, पण तीन किलोच्या बाळाला सर्वांत लहान बटणावर लावूनही मांडीपाशी फट राहते आणि सगळे गळते. बाळ चार-साडेचार किलोंचे होईपर्यंत लुगड्याचे लंगोटच ठेवा आणि त्या सहा नॅपी पुढे रात्रीसाठी व गावाला जाण्यासाठी वापरा. आतल्या पट्ट्या मायक्रोफायबरच्या आहेत का ते पाहावे. हात फिरवला की बोटांच्या कातडीला त्या किंचित अडकतात. अशी पट्टी बाळाच्या अंगाला थेट लावू नये, कारण ती कातडीचा ओलावाही शोषून तिला कोरडी करते. ती नॅपीच्या खिशातच असावी. पट्टीऐवजी लुगड्याचे दोन लंगोट घडी घालून खिशात सरकवले तरी काम भागते. कढत पाणी, धोपाटणे आणि आपले वैशाखातले ऊन ही तिन्ही त्या आवरणाला सोसत नाहीत. आतले अस्तर सुटते आणि रबर ढिले पडते. आवरण सावलीत वाळवावे, पट्ट्या उन्हात.

आणि नॅपीवर भिस्त ठेवणाऱ्या बाळाच्या अंगाला जाड मलम फासू नका. ते पट्टीला लागले की पट्टी ओल धरत नाही.

पऱ्हाटीवाला, बाभुळगाव

बायकांच्या चर्चेत मध्येच बोलतो आहे, पण आमच्या घरी लंगोट धुण्याचे आणि वाळवण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून हक्काने लिहितो.

शेगडीचे आधी सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, बाजेखाली तर अजिबात नको. धुराशिवायचे कोळसेही विषारी वायू सोडतात, त्याला वास नसतो, आणि ओल्या बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावलेल्याच असतात. आम्ही छपरीत, पावसाची तिरीप येणार नाही अशा बाजूला तीन दोऱ्या बांधल्या होत्या. दोन दोऱ्यांमध्ये हातभर अंतर ठेवले आणि लंगोट दुमडून न टाकता एका कडेने चिमटे लावून लटकवले, म्हणजे वारा दोन्ही अंगांनी लागतो. रात्री तेच लंगोट आतल्या खोलीत पंख्याखाली. वाळून दमट राहिलेले दोन-चार सकाळी इस्त्रीने कोरडे करायचे. ऊन पडले की मात्र काम सोडून सगळे अंगणात. ऊन जंतूही मारते आणि पिवळे डागही उडवते, त्यासाठी वेगळे औषध लागत नाही. झाडाझुडपांवर किंवा कुंपणावर लंगोट पसरू नका. गाजरगवत आणि खाजकुयली आपल्याकडे कुठेही उगवते, आणि कुयलीची कुसे लंगोटाला लागली तर बाळ रात्रभर रडायचे थांबणार नाही. दोरीवरून काढलेला प्रत्येक लंगोट दोनदा झटकूनच घडी घालावी. पावसाळ्यात घडीतून गोम निघालेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक घराला लागू आहे. तुमचे बाळ महिन्या-दोन महिन्यांचे होईल तेव्हा पऱ्हाटीवर फवारण्या सुरू झालेल्या असतील. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. फवारून आलेल्या माणसाचे कपडे आणि बाळाचे लंगोट एका बादलीत, एका पाण्यात, एका दोरीवर कधीही येऊ नयेत. फवारणाऱ्याने अंग धुऊन, कपडे बदलूनच बाळाला हात लावावा. औषधाच्या रिकाम्या कॅनचा लंगोट भिजवायला डबा करू नये. कितीही धुतला तरी नाही. आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर त्या वेळी दोरीवरचे लंगोट आत घ्यावेत.

डायपरविषयीही सांगून टाकतो. पहिल्या मुलाला आम्ही डायपर वापरले. मला एक नग साधारण दहा रुपयांना पडे आणि दिवसाला पाच-सहा लागत, म्हणजे महिन्याचे दीड हजार सहज जात. पण पैशापेक्षा मला दुसरेच लागले. गावात घंटागाडी नाही, म्हणून वापरलेले डायपर उकिरड्यावर जात आणि कुत्री ते ओढून गल्लीभर करीत. उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत वावरात टाकले. पहिल्या पावसानंतर पेरणीसाठी गेलो, तर मातीच्या सऱ्यांत ठिकठिकाणी काचेसारखे चमकणारे गोळे. बोटाने दाबले तर साबुदाण्याच्या खिरीसारखे. डायपरच्या आतली शोषणारी भुकटी पाणी पिऊन फुगली होती आणि तिच्याभोवती प्लास्टिकच्या चिंध्या. दोन दिवस मी आणि वडील ते वेचत होतो. दुसऱ्या मुलीच्या वेळी लंगोट धुण्याचे काम मी कोणी न सांगता घेतले.

शाळेची वाट

मी वरोरा तालुक्यात शिक्षिका आहे. बाळ सहा महिन्यांचे असताना कामावर रुजू झाले आणि घरी सांभाळायला फक्त सत्तरीच्या सासूबाई होत्या. त्यांना वाकून लंगोट बदलणे आणि बादल्या उचलणे झेपत नव्हते, म्हणून दिवसा शाळेच्या वेळेत दोन डायपर आणि उरलेल्या वेळी कापड, अशी वाटणी आम्ही केली. हे लिहिण्याचे कारण एवढेच की, बाळंतिणीला ताप आला, हाताला टाके असले, सलग चार दिवस झड लागली किंवा बाळाला घेऊन अकोल्याला जायचे असले, तर डायपर लावण्यात कोणताही अपराध नाही. तो तीन-चार तासांनी बदलावा आणि शी झाल्यावर तत्काळ. टाकताना आतली शी संडासात झटकावी आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळावा. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितले होते, पण पऱ्हाटीवाला भाऊ म्हणतात त्याप्रमाणे खेड्यात तो उचलणाराच नसतो. आम्ही आठवड्याचे डायपर पोत्यात भरून तालुक्याच्या गावी, जेथे घंटागाडी येते तेथे माझ्या बहिणीकडे नेऊन देत असू. उकिरड्यात टाकू नये आणि चुलीतही घालू नये. प्लास्टिकचा तो धूर बाळाच्याच नाकात जातो.

वैदर्भी ताई, तुमच्या वहिनींना चूक ठरवू नका. तीस फडकी धुण्याचे काम कोणाचे, हे बाळ येण्याआधी घरात स्पष्ट बोलून घ्या. आमच्या घरी ते न बोलता माझ्या आईवर पडले होते आणि सव्वा महिन्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या.

वैदर्भी

आज दुपारी आईने पेटी उघडली. दोन्ही लुगड्यांचे आडवे-उभे धागे काढून पणतीवर धरले. हिरव्या लुगड्याची राख बोटांवर विरून गेली. जांभळ्याच्या धाग्याला मात्र टोकाशी टणक काळी गाठ आली. आजी ते लुगडे सुती म्हणून पंचवीस वर्षे नेसत होती, त्यामुळे आई थोडा वेळ गप्पच बसली. हिरव्याचे एकवीस चौकोन निघाले आहेत. उरलेल्या संख्येसाठी वडिलांची दोन जुनी धोतरे मिळाली, त्यांचे धागे तपासले आहेत, ती सुती आहेत.

धुण्याचे बोलणेही झाले. सकाळचे भिजवणे आणि घासणे आई करील, गोड्या पाण्याची बादली आणि दोऱ्या भाऊ सांभाळील. रात्रीचे लंगोट पाण्यातून काढून ठेवण्याचे काम वहिनीने आपणहून घेतले आहे, मात्र डायपरचे एक पाकीट ती कपाटात ठेवणारच आहे आणि मी त्याला हो म्हटले आहे. टिनाच्या कडेखाली ड्रम आला आहे.

आशाताई, एक राहिले. भिंतीला नुकताच चुना दिला आहे आणि आई कोळशाच्या रेघा मारू देत नाही. दाराच्या चौकटीवर खडूने मारल्या तर चालतील ना?

आशाताई, कुरखेडा

चालतील. फक्त सू आणि शीच्या रेघा वेगवेगळ्या मारा, आणि तुमच्या गावच्या आशाताई तिसऱ्या दिवशी येतील तोवर पुसू नका.